दोष पाहून निवडलेली गाडी

ट्रॅकवर चालवण्यासाठी जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची ठरली की बहुतेकांची नजर आधी गुणांवर जाते. हॉर्सपॉवर किती, शून्यापासून शंभरला किती सेकंद लागतात, बॉनेटची रेष कशी आहे, नावाला दबदबा किती. ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते, असं माझं मत आहे. रविवारी फिरवायला किंवा गॅरेजात जपायला घेतलेली गाडी खुशाल गुणांवर निवडावी. दिवसभर पिळून काढायची गाडी मात्र दोषांवर निवडावी. ती नेमकी कुठे मोडते, मोडण्याआधी काही सांगते का, आणि मोडल्यावर दुरुस्तीचा खर्च किती, हे प्रश्न आधी. या प्रश्नांपुढे जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा सरस ठरू शकते, कारण तिच्या दोषांचा शोध इतर हजारो लोकांनी स्वतःच्या पैशाने आणि घामाने आधीच लावून ठेवलेला असतो.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. या प्रकाराचं मोठं घर ब्रिटन. सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, कॅसल कूम ही तिथली सर्किट्स म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले विमानतळ. युद्ध संपलं, धावपट्ट्या आणि भोवतालचे रस्ते उरले, आणि त्यांवर गाड्या आल्या. (आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती झाल्या, त्यामागचं कारणही हेच.) ट्रॅक डेला सामान्य माणूस पैसे भरून स्वतःची गाडी अशा सर्किटवर नेतो. सकाळी सूचना ऐकायच्या, हेल्मेट घालायचं, सायलेन्सरचा आवाज मोजून घ्यायचा, पहिल्या काही फेऱ्या संथ मारायच्या. ओव्हरटेक ठरलेल्या बाजूनेच, तेही पुढच्याने वाट दिल्यावर. आणि सर्वांत बोलका नियम हा की फेरीची वेळ मोजायला सहसा मनाई असते, कारण घड्याळ लागलं की त्याची शर्यत होते आणि विम्याचं गणित बदलतं. जिथे घड्याळ नाही, बक्षीस नाही, क्रमांक नाही, तिथे माणूस पैसे देऊन नेमकं काय घेतो? फेऱ्या घेतो. त्याच वळणावर पुन्हा पुन्हा येऊन मागच्या वेळेपेक्षा थोडं अधिक समजून घ्यायची संधी घेतो. बॉनेट उघडं टाकून पॅडॉकमध्ये उभी राहिलेली गाडी चारशे हॉर्सपॉवरची असली तरी तिच्या फेऱ्यांची संख्या शून्य.

मी ज्या गाडीच्या आधारे हे मांडतो आहे ती पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५, अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात आणि जपानमध्ये जी युनोस रोडस्टर नावाने विकली गेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बॉब हॉल या अमेरिकी पत्रकाराने माझ्दाच्या केनिची यामामोतो यांच्याकडे ब्रिटिश धर्तीच्या, हलक्या, उघड्या दोन आसनी गाडीचा आग्रह धरला होता. १९८० साली एमजीबीचं उत्पादन थांबलं आणि त्या जातीची स्वस्त गाडी बाजारातून जवळजवळ नाहीशीच झाली. तोशिहिको हिराई यांच्या हाताखाली जे तयार झालं त्यावर १९६२ च्या लोटस एलानची छाया उघड दिसते, आणि पहिला चालता नमुना इंग्लंडमधल्या वर्दिंग गावी बांधला गेला होता. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची ताठ चौकट, बॉनेटही ॲल्युमिनियमचं. वजन साधारण साडेनऊशे किलो, इंजिन १.६ लिटरचं, ताकद सुमारे ११५ हॉर्सपॉवर. पुढे या नावाच्या सगळ्या पिढ्या मिळून १० लाखांहून अधिक गाड्या बनल्या. हा शेवटचा आकडा माझ्या युक्तिवादात हॉर्सपॉवरपेक्षा मोठा आहे, कारण १० लाख गाड्या म्हणजे दोष उघडे पाडणारे १० लाख प्रयोग.

वजनाचं महत्त्व बहुतेकांना वेगाच्या बाजूने कळतं. ते उष्णतेच्या बाजूने समजून घेतलं तर गाडी बांधण्याचा सगळा क्रम आपोआप उलगडतो. चालकासकट गाडी १००० किलोची धरू. सरळ रस्त्याच्या टोकाला ती ताशी १६० किलोमीटरने येते आणि वळणाआधी ८० पर्यंत उतरते. या एका ब्रेकमध्ये सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जा तिला टाकून द्यावी लागते. थोडा वाटा हवा उचलते, बाकी सगळी चार डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. सव्वादोन लिटर थंड पाणी उकळीला आणायला लागेल एवढी ती उष्णता, आणि तिला मिळालेला वेळ जेमतेम अडीच सेकंद. हिशेब केला तर ब्रेकची ताकद त्या क्षणी ३०० किलोवॉटच्या आसपास जाते. इंजिनाची कमाल ८५. म्हणजे या गाडीतलं सर्वांत शक्तिमान यंत्र बॉनेटखाली नाहीच, ते चाकांच्या आत आहे. आता गाडी दीड टनाची करा, उष्णता दीडपट. किंवा वजन तेच ठेवून इंजिन एवढं वाढवा की सरळ रस्त्याच्या शेवटी १६० ऐवजी २०० चा वेग येईल: वेग वाढला पाव पट, टाकायची उष्णता वाढली पाऊण पट. ताकद वाढवली की ब्रेक, टायर, कूलंट, बेअरिंग या सगळ्यांवर एकाच वेळी कर्ज चढतं, आणि ते फेडायची कुवत जुन्या गाडीत नसते.

दोषांची तुलना करायची तर एमएक्स-५ च्या शेजारी नेहमी उभ्या केल्या जाणाऱ्या गाड्याही तितक्याच गांभीर्याने पाहायला हव्यात. पोर्श ९४४ चा तोल अप्रतिम आहे, गिअरबॉक्स मागच्या बाजूला असल्यामुळे वजनाची वाटणी सुरेख झालेली आहे; पण तिचा टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, आणि साधी क्लच प्लेट बदलायची तर मागचा अर्धा डोलारा उतरवावा लागतो. बीएमडब्ल्यू ई-३६ चं सहा सिलेंडरचं इंजिन ऐकत राहावं असं आहे. तिचे दोषही प्रसिद्ध आहेत: वॉटर पंपाचा प्लास्टिकचा पंखा, रेडिएटरची ठिसूळ होत जाणारी मान, मागच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या जागी फाटणारा पत्रा. सगळे दोष निस्तरता येतात, पण गाडी तीनेकशे किलो अधिक वजनाची, म्हणजे प्रत्येक फेरीला टायर आणि पॅड अधिक खाणार. पहिली लोटस एलिस १९९६ ची, सव्वासातशे किलोची. चालवण्याच्या आनंदात ती या सगळ्यांच्या पुढे आहे, हे मी मनापासून मान्य करतो. तिच्या इंजिनाच्या हेड गॅस्केटचं दुखणं सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावर उपायही आहे. अडचण दुसरीच. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमचे भाग गोंदाने चिकटवून केलेला आहे. भिंतीवर जोरात आपटून तो वाकला तर गॅरेजात ठोकून सरळ होत नाही. शिकणारा माणूस कधी ना कधी गाडी गवतात घालणारच. ज्या गाडीची एक चूक गाडीच्या किमतीएवढी पडते, ती भीतीने चालवली जाते, आणि भीतीच्या हातांनी शिकणं होत नाही.

एमएक्स-५ च्या बाबतीत खरा शत्रू गंज. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खातं. कापडी टपाच्या मागे पन्हळीत साचलेलं पाणी उतरून जायला दोन नळ्या दिलेल्या आहेत. त्या पानापाचोळ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पेट्यांत शिरतं आणि आतून, वर्षानुवर्षं, कुणाला न दिसता काम करत राहतं. बाहेरून रंग चकचकीत आणि मागच्या चाकाच्या अलीकडे बोटाने दाबलं तर पत्रा आत जातो. म्हणून ही गाडी घेताना इंजिनाचा आवाज शेवटी ऐकावा आणि आधी लिफ्टवर चढवून खालून बघावी. १९९८ नंतरच्या दुसऱ्या पिढीत पुढच्या चेसिस रेल आतून सडतात. तो दोष अधिक घातक, कारण पुढचं सस्पेन्शन त्यांच्याच आधारावर उभं असतं. सुरुवातीच्या काही वर्षांच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं टोक आखूड आहे आणि पुलीची चावी सैल पडून ते खराब होतं. त्यानंतरची क्रँक घेतली की प्रश्न मिटतो. आणखी एक जागा कमी लोक तपासतात. चारही चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभा कल, बदलता यावा म्हणून माझ्दाने तिरकस गोलाईचे बोल्ट दिले, ही त्या काळी स्वस्त गाडीत चैनच होती. पण मीठ-पाण्यात ते बुशमध्ये धरून बसतात. बोल्ट फिरत नसतील तर त्या सुंदर सस्पेन्शनचा निम्मा उपयोग संपला. रंग उडालेली, टप फाटलेली, पण खालून कोरडी आणि बोल्ट मोकळे असलेली गाडी मला शोरूमसारख्या चमकणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

बांधणीचा क्रम उष्णतेने ठरतो, आणि तो सुरू होतो ब्रेक ऑइलपासून. हे ऑइल हवेतली ओल पितं. डॉट-४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओल शोषलेल्या त्याच ऑइलची मर्यादा १५५ अंशांवर धरलेली आहे. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. बाटलीभर ताजं ऑइल आणि उष्णता सोसणारे पॅड यांचा खर्च सायलेन्सर बदलण्यापेक्षा खूपच कमी आहे. तरीही लोक आधी सायलेन्सर बदलतात, आणि मग आवाजाच्या चाचणीत अडकतात. अनेक ब्रिटिश सर्किटवर उभ्या गाडीची मर्यादा १०५ डेसिबलच्या आसपास असते.

त्यानंतर पाणी, आणि इथे या गाडीचा सर्वांत रंजक दोष समोर येतो. तिचं इंजिन मुळात माझ्दा ३२३ या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या घरगुती गाडीच्या घराण्यातलं. तिथे ते आडवं बसायचं. पंप एका टोकाला, थर्मोस्टॅट दुसऱ्या, त्यामुळे पाणी चारही सिलेंडरांवरून पूर्ण प्रवास करून बाहेर पडायचं. स्पोर्ट्‌स कारमध्ये तेच इंजिन उभं बसवलं तेव्हा मागचं टोक केबिनच्या पत्र्याला जाऊन भिडलं. थर्मोस्टॅटला तिथे जागा उरली नाही. मग पाण्याची बाहेर जायची वाटही पुढेच, पंपाच्या बाजूला काढली. पाणी जवळचा रस्ता धरतं; पुढच्या सिलेंडरला भरपूर मिळतं, मागच्या चौथ्याला उरलंसुरलं. रस्त्यावर हे कधी जाणवणार नाही, कारण रस्त्यावर कुणी वीस मिनिटं सलग इंजिन लाल रेषेपाशी ठेवत नाही. ट्रॅकवर चौथा सिलेंडर तापतो, आणि डॅशबोर्डवरचा काटा शांत असतो, कारण या पिढीतल्या बहुतेक गाड्यांचा काटा मधल्या पट्ट्यात मुद्दाम सुस्त ठेवलेला आहे. उपाय म्हणजे बाहेर जायची वाट पुन्हा मागे नेणं, आणि सोबत जाड रेडिएटर व खरा आकडा दाखवणारा मीटर. या दुरुस्तीवर माझं मन जडतं, कारण तिने गाडीत नवं असं काही घातलं जात नाही, जागेअभावी हरवलेली मूळ रचना तेवढी परत मिळते.

टायरांच्या बाबतीत माझं मत अनेकांना पटत नाही. ट्रॅकसाठी विकले जाणारे अर्धे-स्लिक टायर सुरुवातीला लावू नयेत. १५ इंची रिमवर १९५/५० चा चांगला रस्त्याचा टायर पुरतो. तो पकड सोडण्याआधी आवाज करतो, हळूहळू घसरतो, चालकाला सावरायला वेळ देतो. चिकट टायर उशिरा सोडतो आणि एकदम सोडतो. शिवाय त्याची वाढीव पकड कुणीतरी सोसावी लागते: या गाडीचे पुढचे हब आणि व्हील बेअरिंग चिकट टायरांखाली थकतात, हे अमेरिकेतल्या स्पेक मियाटा शर्यतींनी भरपूर दाखवून दिलं आहे. बाकी जुने रबरी बुश, थकलेले शॉक ॲब्सॉर्बर, पुढे थोडा अधिक निगेटिव्ह कॅम्बर, ही कामं कुठल्याही जाणत्या गॅरेजात होतात.

या सगळ्यावर पहिला गंभीर आक्षेप असा: दोष माहीत आहेत म्हणून ते कमी थोडेच होतात? तीस-पस्तीस वर्षांची गाडी कुठेही मोडू शकते. आक्षेप अर्धा खरा आहे. धातूचा थकवा डोळ्यांना दिसत नाही. हबमधली केसाएवढी चीर तपासणीत सुटते. म्हणूनच काही भाग तपासून नव्हे, ठरावीक वापरानंतर धडधाकट दिसत असतानाही बदलायचे असतात, आणि कोणते भाग, हे फक्त त्या गाडीच्या दोषांचा इतिहासच सांगू शकतो. नव्या गाडीला हा इतिहास अजून मिळालेला नसतो. तिची संगणकीय यंत्रणा गरम झाल्यावर ताकद कमी करते, घसरल्यावर ब्रेक स्वतःच लावते, आणि चालकाची चूक चालकापर्यंत पोचूच देत नाही. रस्त्यावर हे वरदान आहे. शिकायच्या जागी चूक लपणं म्हणजे त्या दिवसाचा मोबदलाच न मिळणं.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. उघड्या गाडीत उलटल्यावर डोकं आणि जमीन यांच्यामध्ये काही नसतं. रोल बार नसेल तर ही गाडी ट्रॅकवर नेऊच नये, आणि असेल तरी बारच्या माथ्यापासून काचेच्या वरच्या कडेपर्यंत सरळ काठी धरली तर चालकाचं हेल्मेट तिच्या खाली राहायला हवं. उंच माणसाला त्यासाठी सीट खाली बसवावी लागते. पण याच रोल बारची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते: हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवताना डोक्याजवळची ती पोलादी नळी स्वतःच धोका असते. ट्रॅकसाठी पूर्ण बांधलेली गाडी रोजच्या वापरात ठेवू नये, ट्रेलरवर न्यावी, असं म्हणूनच मला वाटतं. खर्च वाढतो, तो धरूनच निर्णय घ्यावा. इतकं करूनही बाजूने बसणाऱ्या धक्क्यात नवी गाडी अधिक वाचवते, हे मान्यच. जुन्या गाडीची बाजू एवढीच की ती भिंतीपर्यंत पोचते तेव्हा वेग कमी असतो, आणि ती तिथे पोचण्याआधी बरंच काही सांगून चुकलेली असते.

कमी ताकदीची गाडी कंटाळवाणी होते, असंही म्हणतात. ब्रँड्‌स हॅचचं पॅडॉक हिल हे वळण घ्या. आत शिरताना शेवट दिसत नाही, जमीन अचानक उजवीकडे खाली उतरते, गाडी क्षणभर हलकी होते आणि तळाशी पुन्हा जड होते. चारशे हॉर्सपॉवरवाला तिथे चुकला तरी पुढच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबून वेग परत मिळवतो, आणि आपण चुकलो हे त्याला कळतही नाही. ११५ हॉर्सपॉवरच्या गाडीत वळणात गमावलेला वेग पुढच्या वळणापर्यंत परत मिळत नाही. घड्याळाला मनाई असलेल्या जागी याहून प्रामाणिक मोजमाप मला तरी ठाऊक नाही.

जुन्या, सुंदर वस्तूची नासाडी का करता, हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. १९८९ ची, कमी चाललेली, मूळ रंगाची गाडी कापून तिच्यात रोल बार बसवायला माझाही विरोध आहे. तिची जागा संग्रहात आहे. पण या १० लाखांमध्ये हजारो गाड्या अशा आहेत की ज्यांना संग्राहक हात लावणार नाही आणि भंगारवाला उद्याच नेईल. अशा गाडीच्या पत्र्याला ठिगळ लावून, पाण्याची वाट मागे नेऊन, बोल्ट मोकळे करून तिला आणखी दहा वर्षं चालवणं, यात त्या गाडीचा आणि ती कल्पिणाऱ्या माणसांचा अपमान कुठेच होत नाही.

सिल्व्हरस्टोनपासून फार लांब नसलेल्या मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्या मराठी इंजिनिअरला हा सगळा मार्ग मोकळा आहे; पुण्यातल्या माणसाला तो तसा नाही. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात सर्वसाधारणपणे आयात करता येत नाही, आणि रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांची बंधनं आहेत. पण दोष पाहून निवडायची रीत आपल्याकडे अनोळखी नाही. एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या भागांतून फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी उभी केली ती हाताशी असलेल्या, कुठेही मिळणाऱ्या, कुठेही दुरुस्त होणाऱ्या यंत्राच्या भरवशावर. श्रीपेरुंबुदूरजवळच्या ट्रॅकवर वर्षानुवर्षं मारुती एस्टीम आणि पहिली होंडा सिटी धावल्या, त्या हलक्या होत्या, त्यांचे भाग मिळायचे आणि त्यांची दुखणी गल्लीतल्या मेकॅनिकला तोंडपाठ होती. चांगल्या पत्र्याची एस्टीम आता शोधावी लागते. सापडलीच तर नंबर प्लेट विसरून, ती फक्त ट्रॅकसाठी ठेवून, सुरुवात ब्रेक ऑइलपासूनच करावी.